सरल हरात्मक गतीत वेग कसा काढायचा: सूत्राआधी विचारायचे प्रश्न

स्प्रिंगला अडकवलेलं वजन ओढून सोडलं. मधोमध असताना त्याचा वेग सगळ्यात जास्त, टोकाला शून्य. मग मध्य आणि टोक यांच्या बरोबर निम्म्यावर तो किती असेल? हा प्रश्न मी बऱ्याच विद्यार्थ्यांना विचारलाय आणि बहुतेकांचं उत्तर ‘निम्मा’ असं तडकाफडकी येतं. खरं उत्तर सुमारे ८७ टक्के आहे. यातल्या अनेकांना वेगाचं सूत्र तोंडपाठ असतं, हे विशेष.

सूत्रं दोनच आहेत. एक वापरायचं ते वस्तू कुठे आहे हे माहीत असताना, दुसरं किती वेळ झाला हे माहीत असताना. दिलेल्या माहितीत यातलं काय आहे हे न बघता हाताला लागेल ते सूत्र उचललं की गणित बिघडतं. म्हणून सूत्रं मधेच येऊ देत, आधी त्यांच्यात घालायच्या तीन गोष्टी नीट करून घेऊ: शून्य कुठे, ओमेगा (दोलन किती झपाट्याने होतं ते सांगणारा आकडा) किती, आयाम (मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर) किती.

आधी एक खात्री

वस्तू पुढेमागे हलतेय एवढ्यावरून तिची गती सरल हरात्मक ठरत नाही. तिला मध्याकडे खेचणारं बल विस्थापनाच्या, म्हणजे मध्यापासूनच्या अंतराच्या, प्रमाणात असावं लागतं: दुप्पट लांब गेली की खेच दुप्पट. ताणलेली स्प्रिंग असं वागते, हे रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडलं. जमिनीवर टप्पे खाणारा चेंडू असा वागत नाही. हवेत असताना त्याच्यावरचं वजन तेवढंच राहतं, म्हणून त्याला यातलं काहीही लावू नका. लंबक छोट्या कोनांपुरता चालतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

शून्य कुठे धरायचं

आडवी स्प्रिंग असेल तर फारसा प्रश्न येत नाही. टांगलेल्या स्प्रिंगला मात्र हमखास फसायला होतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. वस्तुमान ०.५ किलोग्रॅम, स्प्रिंग स्थिरांक (स्प्रिंग ताणायला दर मीटरमागे लागणारं बल) ५० न्यूटन प्रति मीटर. वजन टांगल्यावर स्प्रिंग आधीच थोडी लांब होते. किती, तर वजन भागिले स्थिरांक: ०.५ × ९.८ ÷ ५० = ०.०९८ मीटर, म्हणजे ९.८ सेंटिमीटर. वजन तिथे शांत लोंबकळतंय. आता ते आणखी ६ सेंटिमीटर खाली ओढून सोडलं. आयाम किती?

६ सेंटिमीटर. १५.८ नव्हे. वस्तू जिथे आपणहून स्थिर राहिली असती तीच मध्यस्थिती, आणि सगळी विस्थापनं तिथूनच मोजायची. स्प्रिंगची मूळ लांबी इथे विसरून जायची. गुरुत्वाकर्षणाने काय केलं? फक्त मध्य खाली सरकवला; दोलनाच्या वेगावर त्याचा आणखी काही परिणाम नाही.

ओमेगा काढणं

पुस्तकी नाव कोनीय वारंवारता, पण बोलताना सगळे ओमेगाच म्हणतात. एकक रेडियन प्रति सेकंद; रेडियन हे कोनाचं एकक, पूर्ण फेरी म्हणजे ६.२८३ रेडियन. तो काढायच्या वाटा माहितीप्रमाणे बदलतात.

स्प्रिंग आणि वस्तुमान माहीत असेल तर:

ओमेगा = √(स्प्रिंग स्थिरांक ÷ वस्तुमान)

आपल्या उदाहरणात √(५० ÷ ०.५) = √१०० = १० रेडियन प्रति सेकंद.

आवर्तकाल (एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ) माहीत असेल तर ओमेगा = ६.२८३ ÷ आवर्तकाल. वारंवारता (सेकंदाला होणारी दोलनं) दिली असेल तर तिला ६.२८३ ने गुणा. साध्या लंबकासाठी √(९.८ ÷ लांबी), लांबी मीटरमध्ये.

टांगलेल्या स्प्रिंगसाठी एक सोय आहे, ती मला फार आवडते. वस्तुमान माहीत नाही, स्थिरांकही माहीत नाही, तरी ओमेगा निघतो. वजन टांगल्यावर स्प्रिंग किती लांबली तेवढं फूटपट्टीने मोजा, आणि √(९.८ ÷ ती लांबी) काढा. √(९.८ ÷ ०.०९८) = १०. तेच उत्तर.

आवर्तकाल स्टॉपवॉचने मोजणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. वीस दोलनांचा वेळ घेऊन वीसने भागा, आणि घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ म्हणा. ‘एक’ म्हणून सुरुवात केली तर ‘वीस’ म्हणेपर्यंत दोलनं एकोणीसच झालेली असतात, आणि उत्तरात ५ टक्क्यांची चूक घुसते. दुसरं, घड्याळ टोकाला नको, वस्तू मध्यावरून जाताना दाबा. टोकाला ती इतकी रेंगाळते की नेमकी कधी वळली ते डोळ्यांना कळत नाही. मध्यावर ती झपकन जाते, म्हणून क्षण स्वच्छ सापडतो. आपल्या उदाहरणात आवर्तकाल ०.६२८ सेकंद, म्हणजे वीस दोलनांना साधारण १२.६ सेकंद लागतील.

आयाम

वस्तू ओढून नुसती सोडली असेल, तर ओढलेलं अंतर हाच आयाम. पण सोडताना धक्काही दिला असेल तर वस्तू त्या जागेच्या पलीकडे जाते. मग सुरुवातीचं विस्थापन आणि सुरुवातीचा वेग दोन्ही धरावे लागतात:

आयाम = √(सुरुवातीचं विस्थापन² + (सुरुवातीचा वेग ÷ ओमेगा)²)

समजा, ३ सेंटिमीटरवरून ४० सेंटिमीटर प्रति सेकंद वेगाने ढकललं. ४० ÷ १० = ४, आणि √(९ + १६) = ५ सेंटिमीटर. धक्का बाहेरच्या दिशेने दिला की आतल्या, याने आयामात फरक पडत नाही. पहिलं टोक कोणतं येईल तेवढंच बदलतं.

आयाम आणि ओमेगा हातात आले की सर्वाधिक वेग लगेच मिळतो: आयाम × ओमेगा. आपल्या वजनासाठी ६ × १० = ६० सेंटिमीटर प्रति सेकंद. पुढे कुठलंही उत्तर याहून मोठं आलं तर ते चूक आहे, दुसरी तपासणी करायची गरज नाही.

जागा माहीत आहे, वेग हवा

वेग = ± ओमेगा × √(आयाम² − विस्थापन²)

हे ऊर्जेवरून दोन ओळींत निघतं. कोणत्याही जागी गतिज ऊर्जा अधिक मध्यापासून मोजलेली स्थितिज ऊर्जा ही बेरीज तेवढीच राहते, आणि टोकाला सगळी ऊर्जा स्थितिज असते. म्हणून ½ × वस्तुमान × वेग² = ½ × स्थिरांक × (आयाम² − विस्थापन²). ½ दोन्हीकडून जातो, स्थिरांक भागिले वस्तुमान म्हणजे ओमेगाचा वर्ग, वर्गमूळ घ्या, झालं.

विस्थापन ३ सेंटिमीटर असताना: १० × √(३६ − ९) = १० × √२७ = ५२ सेंटिमीटर प्रति सेकंद. साठपैकी बावन्न, म्हणजेच लेखाच्या सुरुवातीला सांगितलेले ८७ टक्के.

माझा या सूत्रावर विश्वास बसला तो मात्र कंपासपेटी काढल्यावर. तुम्हीही करून बघा. कागदावर ६ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, आडवा व्यास आखा. केंद्रापासून व्यासावर ३ सेंटिमीटरवर खूण करा आणि तिथून सरळ वर वर्तुळापर्यंत रेघ न्या. तिची लांबी मोजा. ५.२ सेंटिमीटर भरेल. तिला ओमेगाने, म्हणजे १० ने, गुणलं की ५२. वेग निघाला, वर्गमूळ न काढता. सूत्रातलं ते वर्गमूळ म्हणजे ही उभी रेघच आहे, पायथागोरसच्या नियमाने लिहिलेली.

यामागचं कारण असं: वर्तुळावर एकसमान वेगाने फिरणाऱ्या बिंदूची सावली व्यासावर पाडली, तर ती सावली सरल हरात्मक गतीने पुढेमागे जाते. बिंदू व्यासापासून जितका उंच, तितकी त्याची चाल व्यासाला समांतर, आणि तितकी सावली जोरात. बिंदू व्यासाच्या टोकाशी आला की तो सरळ वर किंवा खाली जात असतो, म्हणून सावली तिथे थबकते. आकृतीकडे बघितलं की ‘निम्मा’ हे उत्तर का चुकतं तेही दिसतं. वर्तुळाचा माथा बराच सपाट असतो. केंद्रापासून थोडं बाजूला सरकलं तरी रेघेची उंची फारशी उतरत नाही. उतरते ती कडेला, आणि तिथे एकदम.

आकड्यांत सांगायचं तर विस्थापन आयामाच्या पाव असताना वेग सर्वाधिक वेगाच्या ९७ टक्के असतो, पाऊण असताना ६६ टक्के, नऊ दशांश असताना ४४ टक्के. वेग खरोखर निम्मा व्हायला वस्तू आयामाच्या ८७ टक्क्यांपर्यंत जावी लागते. आपल्या वजनासाठी ५.२ सेंटिमीटर.

ही सावली आकाशातही दिसते. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले, तेव्हा त्याला ते गुरूच्या या बाजूकडून त्या बाजूला जाणारे ठिपके दिसले. त्यांच्या जवळजवळ गोल कक्षा आपण कडेने पाहतो, त्यामुळे आपल्याला दिसते ती फिरण्याची सावलीच. आयो हा त्यातला सगळ्यात आतला चंद्र. कक्षेची त्रिज्या सुमारे ४,२२,००० किलोमीटर, आवर्तकाल १.७७ दिवस. ओमेगा काढून त्रिज्येने गुणलं तर सर्वाधिक वेग येतो सेकंदाला साधारण १७ किलोमीटर. आयो गुरूच्या समोरून किंवा मागून जाताना त्याचं आडवं सरकणं या वेगाने होतं, आणि गुरूपासून सगळ्यात लांब दिसतो तेव्हा तो तिथे थांबल्यासारखा भासतो.

आता सूत्रातल्या त्या ± बद्दल. टोकं सोडली तर प्रत्येक जागेवरून वस्तू एका दोलनात दोनदा जाते, एकदा जाताना आणि एकदा परतताना. वेगाचं परिमाण दोन्ही वेळा तेच, दिशा उलट. जागा सांगितली म्हणून दिशा कळत नाही. ती प्रश्नात शोधावी लागते. ‘मध्याकडे परतत असताना’, ‘सोडल्यानंतर प्रथमच’ असे शब्द त्यासाठीच असतात. वजन +६ वरून सोडलंय आणि +३ वरून पहिल्यांदाच जातंय, तर वेग −५२. चिन्ह न लिहिता ५२ लिहिलंत तर तुम्ही चाल (दिशेशिवाय नुसतं परिमाण) लिहिलीत, वेग अर्धाच लिहिला.

वेळ माहीत आहे, वेग हवा

वस्तू धन बाजूच्या टोकावरून सोडली असेल तर:

विस्थापन = आयाम × कोसाईन (ओमेगा × वेळ)
वेग = − आयाम × ओमेगा × साईन (ओमेगा × वेळ)

दुसरं सूत्र पहिल्याचं अवकलन, म्हणजे वेळेनुसार बदलण्याचा दर, आहे. इथे चिन्ह आपोआप येतं, ही या वाटेची मोठी सोय. सोडल्यावर ०.१ सेकंदाने: ओमेगा × वेळ = १ रेडियन, साईन १ = ०.८४१, वेग = −६० × ०.८४१ = −५०.५ सेंटिमीटर प्रति सेकंद.

या ठिकाणी मी स्वतः एकदा चांगलाच आपटलोय. कॅल्क्युलेटर डिग्रीवर होता. साईन १ त्याने ०.०१७५ दाखवला, वेग आला −१.०५. शंका आली म्हणून त्याच कॅल्क्युलेटरवर विस्थापन काढलं, ५.९९९ आलं, आणि ते वर्गमुळाच्या सूत्रात घालून ताळा केला. ताळा बरोबर जुळला! मी समाधानाने पुढच्या गणिताकडे वळलो. ताळा जुळणारच होता: कोन रेडियनमध्ये घ्या नाहीतर डिग्रीमध्ये, साईन आणि कोसाईन यांच्या वर्गांची बेरीज १ च येते. म्हणजे ही तपासणी नेमकी हीच चूक पकडू शकत नाही.

पकडायची कशी? आवर्तकालाशी तुलना करून. ०.६२८ सेकंदात पूर्ण दोलन होतं, म्हणजे टोकापासून मध्यापर्यंत यायला ०.१५७ सेकंद पुरतात. ०.१ सेकंद झाल्यावरही वजन ५.९९९ वरच कसं असेल? तोवर ते बरंच आत यायला हवं. बरोबर उत्तर ३.२४ सेंटिमीटर आहे. वेळेचं गणित सोडवताना, वेळ आवर्तकालाचा कितवा भाग आहे हे कोपऱ्यात लिहून ठेवायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

वस्तू मध्यावरून धन दिशेने निघाली असेल, तर विस्थापनात साईन येतो आणि वेग = आयाम × ओमेगा × कोसाईन (ओमेगा × वेळ). अधलीमधली सुरुवात असेल तर कंसात सुरुवातीची कला (सुरुवातीची जागा आणि दिशा सांगणारा कोन) मिळवायची: कोसाईन (ओमेगा × वेळ + कला). ही कला ठरवताना पुन्हा दिशेचा प्रश्न येतो. आयाम ६, सुरुवात +३ वरून: कोसाईन कला = ½, म्हणून कला +६० अंश किंवा −६० अंश, रेडियनमध्ये +१.०४७ किंवा −१.०४७. सुरुवातीला वस्तू मध्याकडे, म्हणजे ऋण दिशेने जात असेल तर धन कला घ्या, बाहेर जात असेल तर ऋण. कॅल्क्युलेटर नेहमी धनच दाखवतो, तेव्हा निर्णय तुमचा तुम्हीच घ्यायचा.

सरासरी चाल विचारली तर सर्वाधिक वेगाचा अर्धा करू नका. एका दोलनात चार आयाम इतकं अंतर कापलं जातं, त्याला आवर्तकालाने भागा: २४ ÷ ०.६२८ = ३८.२ सेंटिमीटर प्रति सेकंद, म्हणजे सर्वाधिक वेगाच्या ६४ टक्के. पूर्ण दोलनाचा सरासरी वेग मात्र शून्य, कारण वस्तू निघाली तिथेच परत आली.

ओमेगा आणि आयाम दोन्ही नसतील तर

परीक्षेत असा प्रश्न आवडीने विचारतात: दोन जागा आणि त्या दोन्ही ठिकाणचे वेग दिलेत, बाकी काही नाही. जागेचं सूत्र दोनदा लिहून वजाबाकी केली की आयाम उडून जातो:

ओमेगा² = (पहिला वेग² − दुसरा वेग²) ÷ (दुसरं विस्थापन² − पहिलं विस्थापन²)

५ सेंटिमीटरवर वेग २४ आणि १२ सेंटिमीटरवर १०, असं धरा. वर ५७६ − १०० = ४७६, खाली १४४ − २५ = ११९, भागाकार ४, ओमेगा २ रेडियन प्रति सेकंद. मग आयाम √(५² + (२४ ÷ २)²) = √(२५ + १४४) = १३ सेंटिमीटर, सर्वाधिक वेग २६. छेदात क्रम उलटा असतो हे विसरलात तर ओमेगाचा वर्ग ऋण येईल, तेवढ्यावरून चूक लक्षात येते.

लंबकाचं काय

सूत्रं तीच, विस्थापन म्हणजे कमानीवरचं अंतर. १ मीटर लांबीचा लंबक १० अंशांवरून सोडला. आयाम = लांबी × कोन रेडियनमध्ये = ०.१७४५ मीटर, ओमेगा ३.१३, तळाशी वेग ०.५४६ मीटर प्रति सेकंद. ऊर्जेवरून अचूक काढला, √(२ × ९.८ × लांबी × (१ − कोसाईन कोन)), तरी तिसऱ्या दशांशापर्यंत तोच येतो. ६० अंशांवरून सोडला तर सरल हरात्मक सूत्र ३.२८ सांगतं आणि खरा वेग ३.१३ असतो. जवळपास ५ टक्के फरक. मोठ्या कोनाला तळाचा वेग हवा असेल तर सरळ ऊर्जेचं सूत्र घ्या.

मोबाईलने मोजून बघायचं असेल

वजनामागे फूटपट्टी उभी करा, मोबाईल स्टँडवर मध्यस्थितीच्या समोर ठेवा आणि व्हिडिओ घ्या. हव्या त्या फ्रेमच्या आधीची एक आणि नंतरची एक फ्रेम घेऊन दोन्हींतल्या जागांची वजाबाकी करा, मधल्या वेळेने भागा. मधल्या फ्रेममधला वेग मिळतो.

इथे सगळे उत्साहाने स्लो मोशन लावतात. सेकंदाला २४० फ्रेम म्हणजे अचूकता जास्त, असं वाटतं. पण आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये वेळ फक्त १/१२० सेकंद असतो. तेवढ्यात वजन जास्तीत जास्त ५ मिलिमीटर सरकतं, आणि फूटपट्टी वाचताना १ मिलिमीटर इकडेतिकडे झालं की २० टक्के चूक! साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत तेच वजन तेवढ्या दोन फ्रेममध्ये जवळपास ४ सेंटिमीटर सरकतं. मिलिमीटरची चूक अडीच टक्क्यांवर येते. अंतर जास्त धरल्याने वेग खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो, पण तो तोटा २ टक्क्यांच्या आत आहे. स्लो मोशनच हवं असेल तर लगतच्या फ्रेम सोडून आठ फ्रेम मागची आणि आठ फ्रेम पुढची घ्या. वेळ मोजताना खऱ्या फ्रेमदराने मोजा, संथ केलेल्या व्हिडिओच्या घड्याळाने नव्हे.

मोजलेला वेग सूत्रापेक्षा दर दोलनाला आणखी कमी येत गेला, तर बहुधा हवेच्या रोधाने आयाम घटतोय. सूत्रात सुरुवातीचे ६ सेंटिमीटर धरून बसू नका. ज्या दोलनातला वेग काढताय त्याच दोलनाचं टोक व्हिडिओत बघा आणि तो आयाम घाला. स्प्रिंग हलकी नसेल तर आणखी एक फरक पडतो: तिचं स्वतःचं वस्तुमानही हलत असतं, त्यामुळे ओमेगा जरा कमी भरतो. दोलायमान वस्तुमानात स्प्रिंगच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश मिळवला की आकडे बऱ्यापैकी जुळतात.